ग्लास धुतलेलाच होता



आज एका ग्लासाची गोष्ट सांगायची आहे. गोष्ट आमच्याच गटाची आहे, पण ती ऐकताना तुम्हाला तुमचं घर आठवेल असं वाटतं.

गेल्या लग्नसराईत आमच्या गटानं कार्यात चहा-सरबत द्यायचं काम घेतलं. स्टीलची भांडी गटाकडे होती, पण सरबताला काचेचे ग्लास हवेत असा लोकांचा आग्रह असतो. नवे घ्यायला पैसे नव्हते. आठवडी बाजारात एका भंगारवाल्याकडे बंद पडलेल्या खानावळीतले छत्तीस ग्लास होते. जाड बुडाचे, चांगले वजनदार. घासाघीस करून आम्ही ते उचलले.

पहिल्याच कार्याच्या दिवशी आमच्यातली एक मावशी पहाटे चारला उठून ते ग्लास घासत बसली. एकदा साबणानं आणि परत एकदा साबणानं. ओले असताना ग्लास आरशासारखे दिसत होते. मांडवात नेऊन पालथे घातले, वाळले, आणि बघतो तर बुडाला आणि कडेला पांढरट थर. जणू कुणी ताकाचा ग्लास न धुताच ठेवला होता. यजमानीणबाईंनी एक ग्लास उजेडात धरला आणि चारचौघींत विचारलं, "हे घासलेत, का नुसते विसळून आणलेत?" हिशेबाच्या वेळी ग्लासांचे पैसे कापले गेले. पैशाचं दुःख दोन दिवसांत गेलं. पण मावशीनं त्यानंतर महिनाभर कार्याला यायचं नाव काढलं नाही, त्याचं दुःख मोठं होतं. कारण ग्लास धुतलेलाच होता.

तेव्हापासून आम्ही त्या पांढऱ्या थराच्या मागे लागलो. तो काढायचा कसा हे शिकलो. पण तो आला कुठून हे शोधताना काचेची आणि पाण्याची मोठी गोष्ट हाती लागली. आधी ती ऐका, मग थर काढायची रीत सांगतो.

काच भांडं म्हणून आपल्या घरात आली त्याच्या कितीतरी आधी ती आपल्या हातावर होती. कासाराकडून भरलेली बांगडी ही आपली काच. नेवासे, तेर, कोल्हापूर अशा ठिकाणच्या जुन्या वस्त्या खणल्या गेल्या, तेव्हा सातवाहनांच्या काळातले काचेचे मणी सापडले. म्हणजे बायकांच्या अंगावर काच दोन हजार वर्षांपासून आहे. पण प्यायला आणि साठवायला आपल्याकडे काच नव्हती. पाणी तांब्याच्या घागरीत, पितळी तांब्यात नाहीतर मातीच्या माठात. लोणचं चिनी मातीच्या बरणीत. काचेच्या हंड्या आणि झुंबरं असायची ती वाड्यात आणि देवळात, उंच टांगलेली. ती पुसायला गडी असत.

मग स्वदेशीचे दिवस आले. परदेशी माल नको तर इथे कारखाने हवेत, आणि कारखान्याला पैसा हवा. अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी कल्पना काढली: माणशी वर्षाला एक पैसा. लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिलं. त्या गोळा झालेल्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना निघाला. तिथे काच करायचं शिक्षणही दिलं जाई. आपल्या बचत गटात आपण महिन्याला थोडे थोडे टाकतो ना, तसाच हा प्रकार; फक्त सगळ्या मुलखाचा मिळून एक गट. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. त्या वस्तीला ओगलेवाडी हेच नाव पडलं. त्यांचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत पोचला. वीज नव्हती तेव्हा गोठ्यात, माजघरात आणि अभ्यासाला तोच उजेड.

कंदिलाबरोबर घरातल्या बाईला एक नवं काम आलं: काच पुसायचं. रोज तिन्हीसांजेला चुलीतली चाळलेली राख आणि जुना कागद घेऊन कंदिलाची काच पुसायची. आमच्यातल्या आज्या सांगतात, हे काम लहान मुलींकडे असायचं, कारण काचेत लहान हात जातो. काच फुटली तर पाठीत धपाटा. तिथून आपल्या मनात एक गोष्ट पक्की बसली: काच घाण दिसली तर जोरानं घासायची. काजळीला ते बरोबर होतं. काजळी काचेवर नुसती बसलेली असते, घासली की निघते. पण आमच्या ग्लासांवर काजळी नव्हती. तिथे जोर लावून काही होत नव्हतं.

काचेचा ग्लास खेड्यात आला तो बहुतेक चहाबरोबर. आणि इथे एक कडू आठवण सांगायलाच हवी. कित्येक गावांत चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळी कपबशी, वेगळा ग्लास ठेवत. तो बाहेर वळचणीला खोचलेला असे. ज्यानं प्यायचं त्यानंच धुवायचा. पाण्यावरून आणि भांड्यावरून माणसाला दूर ठेवण्याची रीत जुनी, तिच्याविरुद्धच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. हे आम्हाला का आठवलं? कारण खानावळीतले ग्लास घ्यायचे म्हटल्यावर आमच्याच गटात एकीनं विचारलं होतं, "कुणाकुणाचे उष्टे असतील कुणास ठाऊक!" बैठकीत त्यावर बराच वेळ बोलणं झालं. काच काही शोषून घेत नाही. धुतली की ती कुणाची राहत नाही. ज्या आजीनं लहानपणी वळचणीचा ग्लास पाहिला होता, तीच शेवटी म्हणाली, "ग्लास घ्या. आणि आपल्याकडे एकच ग्लास असतो सगळ्यांना, हेही ध्यानात ठेवा." त्यावर कुणी काही बोललं नाही, आणि ग्लास आले.

आता पाण्याकडे येऊ. कारण तो पांढरा थर खानावळीचा नव्हता आणि मावशीच्या हाताचाही नव्हता. तो पाण्याचा होता.

पावसाचं पाणी पडताना हवेतला आणि पुढे मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेतं आणि जरासं आंबट होतं. इतकं थोडं की जिभेला कळत नाही. हे पाणी जमिनीत मुरताना खडकातलं आणि मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून बरोबर घेतं. आपल्या काळ्या रानात नांगराला पांढरे खडे लागतात, ती चुनखड. तीच भाजून चुना करत, तोच चुना घाणीत मळून वाडे बांधत. म्हणजे चुना आपल्या जमिनीतच आहे. तो पाण्यात विरघळलेला असतो तेव्हा दिसत नाही. पाणी तापलं किंवा वाळलं की वायू उडून जातो आणि चुना मागे उरतो. पाणी तापवायच्या बंबात, चहाच्या पातेल्यात, नळाच्या तोटीवर आणि ग्लासावर जो पांढरा थर येतो तो हाच. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो, कुठे क्षाराचं पाणी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात नाव आहे दुष्फेन, म्हणजे ज्याला साबणाचा नीट फेस येत नाही ते. साबण आणि चुना मिळून चिकट साका होतो, तो कपड्यावर आणि भांड्यावर बसतो. म्हणून अशा पाण्यात जितका जास्त साबण तितकी जास्त घाण, असंही होतं.

आमच्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. नदीच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते, विहिरीच्या पाण्यात दडस राहते. पागोळ्यांचं पाणी केस धुवायला चांगलं, म्हणून पावसाळ्यात वळचणीखाली घंगाळ लावायचं. गावात पाणी चार ठिकाणचं असे: नदीचं वेगळं, आडाचं वेगळं, मळ्यातल्या विहिरीचं वेगळं. कुठलं पाणी कशाला, हे ज्ञान बायकांकडे होतं, कारण ते वाहून आणायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. आमच्यातल्या थोरल्या बायकांनी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. आड आटले, विहिरींचा तळ दिसला. त्या वर्षांत खडक फोडून खोल जाणारी बोअरची यंत्रं गावागावात आली. नुसती बोअर घेऊन भागत नाही, वर पंप लागतो. आणि जुने ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडत. इथे आपल्या महाराष्ट्राचा एक वाटा आहे. जालना आणि सोलापूर भागात काम करणाऱ्या मंडळींनी मजबूत हातपंप तयार केले. त्यातल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढे युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क दोन हा हातपंप घडला. आज आपल्या शाळेपाशी, देवळापाशी जो लांब दांड्याचा पंप आहे, तो बहुतेक हाच. पुढे तो परदेशांतही गेला.

या पंपानं जीव वाचवले, त्यात शंका नाही. उघड्या आडाच्या पाण्यानं होणारे हगवणीसारखे आजार टळायला त्याची मदत झाली. मैलभराची पायपीट कमी झाली. पण खोल पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं, त्यामुळे साधारणपणे त्यात क्षारही जास्त विरघळलेले असतात. पुढे विजेचे पंप आले, बोअर आणखी खोल गेल्या. पाणी बदललं, पण घरातल्या बाईकडून असलेली अपेक्षा बदलली नाही. डाळ शिजली नाही तर सुनेला स्वयंपाक येत नाही. धोतर पिवळं पडलं तर धुणं नीट नाही. ग्लास पांढरा दिसला तर भांडी नुसती विसळली. पाणी बदललं हे कुणी बोललंच नाही. आम्हाला वाटतं, आपल्या भागातल्या पन्नास वर्षांच्या इतिहासातली ही एक न लिहिलेली ओळ आहे, म्हणून ती आज आम्ही बोलून दाखवतो आहोत.

आता थर काढायची रीत. यात नवं काहीच नाही. पितळेचा तांब्या काळा पडला की आपण काय लावतो? चिंच, नाहीतर आमसूल. राखेनं जे निघत नाही ते आंबटानं निघतं. काचेवरच्या चुन्यालाही तेच लागू. चुना घासून निघत नाही, तो आंबटात विरघळतो.

पहिल्यांदा एका ग्लासावर करून बघा. बुडाशी लिंबाचा रस सोडा. बारीक बुडबुडे आले तर तो चुन्याचाच थर. मघाशी सांगितलेला वायूच त्यातून बाहेर पडतो. थर पातळ असेल तर बुडबुडे दिसणार नाहीत, पण अर्ध्या तासानं तेवढी जागा स्वच्छ दिसेल.

मग सगळे ग्लास घ्या. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घ्या. लिटरभर पाण्याला मोठा चमचाभर लिंबूसत्व टाका. किराणा दुकानात ते साखरेसारखं दाणेदार मिळतं. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. ग्लास पूर्ण बुडले पाहिजेत, नाहीतर पाण्याच्या रेघेवर पट्टा राहतो. तासाभरानं बघा. थर जुना असेल तर रात्रभर ठेवा. सकाळी मऊ फडक्यानं हलकं घासा, साबणानं धुवा. एकदा करून पूर्ण गेलं नाही तर पाणी बदलून परत करा. वर्षानुवर्षांचा थर थरावर थर बसून झालेला असतो, तो एका रात्रीत गेलाच पाहिजे असं नाही.

अरुंद तोंडाच्या बाटलीत हात जात नाही. तिथे लिंबूसत्वाचं पाणी आणि मूठभर तांदूळ घालून चांगलं हलवा. तांदूळ आतून घासायचं काम करतात आणि काचेला चरा पडत नाही.

काही गोष्टी टाळा. लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करू नका. फसफसतं, बघायला छान वाटतं, पण दोघांचा जोर एकमेकांत संपतो. सोड्यानं घासायचं असेल तर आंबटाचं काम झाल्यावर, वेगळं. तारेची घासणी आणि वाळू काचेला लावू नका. चरे पडले की पुढचा थर त्यातच धरतो. थंड ग्लासात उकळतं पाणी ओतू नका, जुनी काच तडकते. सोनेरी काठाचे किंवा रंगीत नक्षीचे ग्लास रात्रभर आंबटात ठेवू नका, नक्षी जाते. संडास-बाथरूमचं ॲसिड खाण्यापिण्याच्या भांड्याला वापरू नका. आणि कुठलंही ॲसिड, अगदी व्हिनेगरसुद्धा, ब्लीचिंग पावडरीबरोबर कधी मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

जुनी काच घेतानाही बघून घ्या. कडेला टवका उडालेला किंवा बारीक तडा गेलेला ग्लास घेऊ नका. आणि ज्या बाटलीत आधी काय होतं हे माहीत नाही, ती तेल, मध, लोणच्याला वापरू नका. शेतातल्या फवारणीच्या औषधाची, फिनेलची बाटली कितीही धुतली तरी ती खाण्याच्या वस्तूला नाही.

आमच्या छत्तीस ग्लासांपैकी एकोणतीस लख्ख निघाले. सात तसेच धुरकट राहिले. त्यांना आम्ही तीनदा आंबटात ठेवलं, काही फरक नाही. त्याची दोन कारणं असतात. एक, पाण्यात चुन्याशिवाय वाळूच्या जातीचं सिलिकाही असतं. त्याचा थर लिंबानं किंवा व्हिनेगरनं जात नाही. दुसरं, वर्षानुवर्षं धुण्याच्या सोड्यानं धुतल्यावर काचेचा पृष्ठभागच झिजतो. तिथे वर बसलेलं काही नसतंच, काचच गेलेली असते. असा ग्लास ओला असताना स्वच्छ दिसतो, वाळला की पुन्हा धुरकट. तो परत नवा होत नाही. त्याच्यासाठी हात झिजवू नका. आमचे सात ग्लास आता देवापाशी, दिव्याला वारा लागू नये म्हणून आहेत.

थर परत येऊ नये म्हणून एकच काळजी घ्यायची. धुतलेला ग्लास आपोआप वाळू देऊ नका, कारण वाळणाऱ्या थेंबाबरोबर चुना मागे राहतो. लगेच सुती फडक्यानं पुसा. कार्यासाठी हवे असतील तर शेवटचं विसळण पावसाच्या साठवलेल्या पाण्यात करा. तेही नसेल तर पाणी चांगलं उकळून निवू द्या, चुना बराचसा तळाला बसतो, वरचं निवळ पाणी घ्या.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. असलं पाणी प्यायलं तर काय, असं बैठकीत सगळ्याच विचारतात. पांढरा थर म्हणजे विष नव्हे. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण जे दिसत नाही त्याची काळजी जास्त घ्यायला हवी. फ्लोराइडचा थर ग्लासावर दिसत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत ते जमिनीतल्या पाण्यात जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा, फार तर दीड. त्याच्यावर गेलं की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं धरतात. ते लिंबानं जात नाही आणि उकळूनही जात नाही. ते तपासावंच लागतं.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्यासाठी तपासणीचं किट असतं. आपल्या गावात त्या पाचजणी कोण आहेत, किट कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि आकडे काय आले, हे ग्रामसभेत विचारा. कुणी नेमलेलंच नसेल तर आपल्या गटातली नावं द्या. पाणी कुठलं कशाला चालतं, हे आपल्या आज्यांना चवीवरून कळत होतं. आता ते आकड्यावरून कळून घ्यायचं आहे.

आमची ती मावशी परत कामावर आली आहे. परवा एका कार्यात एका ताईंनी ग्लास उजेडात धरला. मावशी पुढे झाली आणि म्हणाली, "बघा ताई, नीट बघा. आणि तुमच्या घरच्या ग्लासावर पांढरं येत असेल तर सांगा, कसं काढायचं ते मी दाखवते." त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी खरोखरच चार ग्लास पाठवून दिले.

हे आपल्या गटाच्या बैठकीत वाचा. एकीनं घरून पांढरा पडलेला ग्लास आणावा, दुसरीनं लिंबू, आणि सगळ्यांनी मिळून करून बघा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.